पडलं ते लिहायचं

ओव्हाळ सिस्टर माणसाची ओळख त्याच्या जन्माच्या वजनावरून करून देतात. नाव नंतर, गाव नंतर, हुद्दा तर कधीकधी राहूनच जातो. "हा संतोष. चार किलो शंभर," असं त्या एखाद्या परक्या माणसाला सांगतात, आणि तो परका माणूस नकळत संतोषच्या पोटाकडे बघतो. संतोष चाळिशीला टेकलाय, चौसाळ्यात त्याचं सिमेंट-सळईचं दुकान आहे, दारात दोन ट्रक उभे असतात, पण सिस्टरांच्या लेखी तो अजून झोळीच्या काट्याला लटकलेला आहे. वर त्याला गिऱ्हाइकांसमोर ऐकवतात, "आईला दीड दिवस लोळवलंस रे तू."

माझ्या सोयरिकीच्या वेळची गोष्ट. पाहुणे घरात चहा पीत बसलेले, आणि सिस्टर सहज म्हणून आल्या. सहज म्हणजे बातमी लागल्यामुळे. पाहुण्यांनी अदबीनं विचारलं, "मुलगा कसाय बाई?" सिस्टर म्हणाल्या, "चांगलाय की. दोन किलो तीनशेचा व्हता. जगतो का न्हाई असं वाटत व्हतं, पण दूध वढायला लई चिवट." पाहुण्यांनी कप खाली ठेवले. आईनं पदर तोंडाला लावला. सोयरीक जमली ती कशी जमली, हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. बायको म्हणते, तिच्या वडलांना तो चिवटपणाच आवडला होता.

तर असा मी सुधाकर, दोन किलो तीनशे. बसस्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. सिस्टर आरोग्य खात्यात नर्स होत्या; संतोष आणि मी, दोघंही त्यांच्याच हातावर झालो. जिल्ह्यातल्या निम्म्या खेड्यांतून त्यांची नोकरी फिरली, आणि निवृत्त झाल्यावर त्या चौसाळ्यात राहिल्या. नवरा गेलेला, मुलगी नागपूरला नोकरीत. दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर, मनगटावर आतल्या बाजूला फिरवलेलं घड्याळ आणि सबंध वॉर्डाला ऐकू जाईल असा आवाज. हा आवाज आता एकट्या घरात मावत नाही, म्हणून त्या बाहेर पडतात.

अशाच त्या एका रविवारी दुपारी हयातीच्या दाखल्याची झेरॉक्स काढायला माझ्याकडे आल्या. रविवारी दुपारी माझं दुकान अर्धं बंद असतं. शटर गुडघ्यापर्यंत ओढून आम्ही तिघं मागच्या खोलीत खेळत बसतो. मी, संतोष आणि मोटार रिवाइंडिंग करणारा हारून. सिस्टर शटरखालून वाकून आत आल्या, आणि आमच्या हातातले फासे बघून कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"जुगार हाय का?"

"न्हाई सिस्टर, गोष्टीचा खेळ हाय."

हा खेळ मी पुण्याला शिकत असताना हॉस्टेलवर शिकलो. पट नाही, सोंगट्या नाहीत. प्रत्येकाचा एक कागदी वीर असतो. मी गोष्ट सांगणारा. मी म्हणतो, समोर दरी आहे, पलीकडे दरोडेखोर आहेत, बोला, काय करता? ते काय करणार ते बोलतात, आणि जमलं की नाही ते फासा ठरवतो. वीर तयार करताना त्याचे सहा गुण फाशांनी काढायचे. ताकद, चपळाई, काटकपणा, अक्कल, समज आणि लोकांवर पडणारी छाप. प्रत्येक गुणासाठी तीन फासे टाकायचे आणि ठिपक्यांची बेरीज कागदावर मांडायची. तीन पडले तर माणूस जेमतेम उभा राहतो, अठरा पडले तर बैल.

सिस्टरांनी हे सगळं उभ्या-उभ्या ऐकून घेतलं. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या टोपलीकडे गेली. टोपलीत चुरगाळलेले कागद होते.

"आन हे कोण?"

आमचा नियम असा होता की सगळेच आकडे फार रडके पडले, तर तो कागद टाकून द्यायचा आणि नवा वीर काढायचा. सगळीकडे असंच खेळतात. पडक्या माणसाला घेऊन कोण दोन-दोन वर्षं बसणार?

सिस्टर खाली बसल्या. टोपली ओढून त्यांनी एकेक कागद मांडीवर घेतला, तळहातानं सरळ केला आणि वाचला. "ताकद चार. काटकपणा सहा. अक्कल नऊ." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "कमी वजनाचं लेकरू झालं तर टोपलीत टाकत असतेत का रे, सुध्या? तुला टाकलं व्हतं का?"

सिस्टर त्या दिवशी झेरॉक्स विसरून गेल्या, आणि जाताना अकरा चुरगाळलेली माणसं पर्समध्ये घालून घेऊन गेल्या.

पुढच्या रविवारी हजर. अकराच्या अकरा कागदांना इस्त्री केलेली. प्रत्येकाला नाव दिलेलं. आणि ठणकावून सांगितलं, "मी खेळणार. पण नवीन काढणार न्हाई. ह्यातलंच एक घेणार."

त्यांनी घेतला तो किसन. मुळात हा संतोषनं टाकलेला. ताकद चार, चपळाई सात, बाकी सगळं ओढूनताणून. एवढ्या ताकदीत माणसाला भरलेली घागर उचलता येत नाही. संतोषच्या स्वतःच्या वीराला मात्र ताकद अठरा, काटकपणा सतरा. हे आकडे त्यानं घरी फासे टाकून आणले होते. घरी कुणासमोर टाकले, असं विचारलं की तो म्हणायचा, "देवासमोर."

सिस्टरांनी आल्याबरोबर खेळाला शिस्त लावली. फासे स्टीलच्या ताटात टाकायचे, म्हणजे आवाज सगळ्यांना ऐकू जातो. ताटाबाहेर गेलेला फासा धरायचा नाही. आकडा मोठ्यानं म्हणायचा, आणि लिहायचा तो पेनानं. संतोषनं पेन्सिल काढली की त्या त्याच्या हातावर चापट मारायच्या. "पडलं ते लिहायचं. पेन्सिल कशाला लागती? खोडायला लागती."

हारूनचं वजन त्यांना माहीत नव्हतं, कारण तो अंबाजोगाईला जन्मलेला. त्यामुळे सुरुवातीचे दोन महिने त्यांचा त्याच्यावर भरवसाच नव्हता. शेवटी बिचाऱ्यानं आईला फोन करून विचारलं. आईला आठवेना. सिस्टर म्हणाल्या, "आठवंना म्हंजे चांगलं असंल. वाईट आकडा बाई इसरत न्हाई."

याच हारूननं पुढं एकदा विषय काढला. त्याचं म्हणणं, फाशांनी गुण काढणं हाच अन्याय. सगळ्यांना सारखे गुण वाटून द्यावेत. समजा एकूण सत्तर, ते कुणी कसेही लावा. "मोटारीचं बघा सिस्टर. सगळ्या कॉईलला सारखे वेढे पाहिजेत. एकीला कमी, एकीला जास्त झाले की मोटार जळती. इन्साफ पाहिजे."

मला हे पटत होतं. बरेच लोक आता असंच खेळतात, आणि भांडणंही होत नाहीत. सिस्टर मात्र उसळल्या.

"सगळ्यांला सत्तर-सत्तर? मंग ते माणूस कशाला म्हणतोस? पोती म्हण. मी एवढी बाळंतपणं केली, दोन लेकरं एका वजनाची बघितली न्हाईत. जुळीसुदिक न्हाईत."

संतोषला चेव आला. तो म्हणाला, "सिस्टर, तुमी जयंतीच्या भाषणात सांगता, जन्मावरून माणसाची किंमत करू नका. आमी टाळ्या वाजवतो. आन इथं जन्माच्या फाशावर अडून बसता. हे कावून?"

मी ताटातले फासे उगाच हलवले. पण सिस्टर चिडल्या नाहीत. त्या सरसावून बसल्या, म्हणजे अशा वादाची त्या चाळीस वर्षं वाटच बघत असाव्यात.

"किंमत करू नका म्हणते. माप घेऊ नका कवा म्हणले? माप घ्यायचं ते कुणाला जास्त दूध लागतंय ते कळायला. फाशाला तुझं आडनाव कळत न्हाई, संत्या. तुझ्या बापाचं दुकान कळत न्हाई. ह्या जिल्ह्यात त्येच्याइतकं सरळ माणूस मी बघितलं न्हाई. अन्याव फासा करत न्हाई. फासा पडून झाल्यावर तुमी करता. एक टोपलीत टाकता, आन एक घरून अठरा लिहून आणता."

संतोषनं विषय बदलला. तो म्हणाला, चहा सांगू का.

किसनला त्या कशा जगवत होत्या हे बघण्यासारखं होतं. आमचे वीर तलवारी उपसायचे, आणि किसन विचारायचा, ह्या राक्षसाच्या घरी कोण-कोण असतं? गुहेत शिरायच्या आधी सिस्टर मला दरडावायच्या, "किसननं सकाळपासून काय खाल्लं ते सांग." मी म्हणायचो, खेळात खाण्याचा नियम नाही. "मंग कर." म्हणून आमच्या खेळात खाण्याचा नियम झाला. एकदा डाकूंच्या टोळीनं सगळ्यांना पकडलं, तेव्हा किसननं सरदाराच्या बायकोचं बाळंतपण केलं आणि सगळ्यांना सोडवून आणलं. फासे एवढे चांगले पडले नव्हते, पण सिस्टरांनी कळा किती अंतरानं येतात इथपासून जे सांगायला सुरुवात केली, ते ऐकून हारून घाबरून बाहेर जाऊन उभा राहिला.

पावणेदोन वर्षं किसन जगला. या काळात संतोषचे दोन आणि हारूनचा एक असे तीन पैलवान मेले. आकडे बघितले तर किसन पहिल्याच रविवारी मरायला हवा होता. सिस्टर प्रत्येक खेळ संपला की त्याचा कागद हातानं पुसायच्या आणि म्हणायच्या, "बघितलंस? चिवट हाय." आठवडाभर त्या रविवारची वाट बघायच्या, हे आम्हाला कळत होतं. मंगळवारीच दुकानात येऊन विचारायच्या, "ती दरी किती खोल हाय म्हणलास?" किसन मेला तर या बाईचं काय होईल, अशी मला खरोखर काळजी वाटायला लागली होती.

नोकरीतही त्यांचं 'पडलं ते लिहायचं' असंच होतं म्हणतात. अडीच किलोच्या खाली वजन भरलं की ते मूल कमी वजनाचं. त्याच्या घरी जास्त चकरा, जास्त कागद. कागदावर अशी मुलं जास्त दिसली की वरची माणसं नाखूश. म्हणून कुणीतरी समजुतीनं सांगायचं, दोन किलो चारशे आहे ना, अडीच लिहा की, शंभर ग्रॅमनं काय होतंय. सिस्टर दोन चारशेच लिहायच्या. मग बदली. उमापूरकडे पाठवलं तिथंही तेच, पुन्हा बदली. त्या मुक्कामाचे किस्से त्या रंगवून सांगतात, आणि शेवटी रजिस्टर टेबलावर आपटल्याचा आवाज तोंडानं काढतात.

त्या रविवारी आमचे वीर डोंगराच्या पोटात होते. संतोषच्या तिसऱ्या गड्याचा पाय दगडाखाली अडकला. वरून माती पडायला लागली होती. हारूनचा माणूस बाहेर पळाला. मी सिस्टरांना म्हटलं, किसनही बाहेर पडू शकतो, रस्ता मोकळा आहे.

"किसन माघारी जातो," सिस्टर म्हणाल्या.

"सिस्टर, त्याची ताकद चार हाय."

"ताकदीनं न्हाई, पहारीनं काढतो. पहार हाय त्येच्याजवळ, मागच्या महिन्यात लोहाराकडून घेतली. बघ कागदावर."

होती. पेनानं लिहिलेली. पहारीनं दगड उचकला, संतोषचा गडी सुटला, आणि छत किसनवर आलं. खेळात जीव श्वासांत मोजतात; किसनचे चार उरले होते, आणि फाशावर पडतील तेवढे जाणार होते. आता एक फासा टाकायचा होता, आणि तो टाकायचा होता मी, पुठ्ठ्याच्या आड. गोष्ट सांगणाऱ्यापुढे एक उभा पुठ्ठा असतो, त्याच्यामागे तो आपले फासे टाकतो. तीनपर्यंत पडलं तर किसन जगणार. चार किंवा जास्त पडलं तर संपला.

मी टाकला. सहा.

सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. दोन्ही हात मांडीवर, ओठ घट्ट मिटलेले. मी म्हणालो, "दोन! वाचला!"

संतोषनं टाळी वाजवली. हारून म्हणाला, "सुभानअल्ला." सिस्टर हलल्या नाहीत.

"सुध्या, काटा थांबू तर द्यायचास."

"म्हंजे?"

"खरं वजन वाचायला येळ लागतो. लेकरू हलतं, काटा हलतो, थांबावं लागतं. खोटं असलं की माणूस लगीच सांगतो. पुठ्ठा काढ."

मी पुठ्ठा काढला. सहाचे सहा ठिपके सगळ्यांनी बघितले.

"राहू द्या की सिस्टर," संतोष म्हणाला. आवाज नेहमीचा नव्हता. शेवटी त्याचाच गडी वाचला होता. "दोनच हाय ते. आमी कुणाला सांगणार न्हाई."

"मायेपोटीच केलं त्यानं," हारून म्हणाला.

"मला माहीत हाय मायेपोटी केलं," सिस्टर म्हणाल्या. "मी बी मायेपोटीच केलतं."

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या नेहमीच्या आवाजात नव्हतं. पहिली नेमणूक, नांदूरघाटाच्या पुढचं एक खेडं. कौसल्या नावाची बाळंतीण, तिसरी मुलगी. मूल एक किलो आठशे. सासू दारात बसलेली, तोंड फिरवून. खरं वजन सांगितलं असतं तर म्हातारी म्हणाली असती, एक तर मुलगी आणि तीही अशी, तिच्यापायी कशाला जीव काढायचा. बावीस वर्षांच्या सिस्टरना वाटलं, हिला निदान कुणी हौसेनं मांडीवर घ्यावं. म्हणून काटा थांबायच्या आत त्यांनी सांगून टाकलं, "अडीच किलो, ठणठणीत." आणि रजिस्टरलाही अडीच लिहिलं.

"अडीच म्हणल्यावर तिला दवाखान्यात पाठवायचं कारणच राहिलं न्हाई. चवथ्या दिवशी टोळी कारखान्याला ऊस तोडायला निघाली. आई, लेकरू, सगळं ट्रकात. थंडीचे दिवस. मी वाटंवर उभी व्हते. कुणाला काय सांगू? रजिस्टरात अडीच हाय."

त्यांनी किसनचा कागद ओढला. खाली नोंद केली. "मयत." तारीख घातली, सही केली. रजिस्टरला करतात तशी.

मी विचारलं, "मग त्या मुलीचं काय झालं?"

"माहीत न्हाई."

"टोळी परत आल्यावर?"

"टोळी यायच्या आत मी बदली मागून घेतली. तेवढी एक बदली मी मागून घेतलेली हाय."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मला राग आला. कसला राग आला ते मी नीट सांगू शकत नाही. पकडला गेल्याचा असेल, किसनचा असेल. मी म्हणालो, "आमाला ताटात फासे टाकायला लावता. पेनानं लिहायला लावता. पुठ्ठा काढायला लावता. आन सोताचं चाळीस वर्सं बघितलं न्हाई? हितून गाडीवर जाऊन येण्यासारखं हाय."

"तुझं कागदाचं माणूस व्हतं," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी पर्स उचलली, शटरखालून वाकून निघून गेल्या. चहा तसाच राहिला. संतोषनं मला शिवी दिली आणि ती मी घेतली.

पुढचे दोन रविवार त्या आल्या नाहीत. मंगळवारीही आल्या नाहीत. मी दोनदा त्यांच्या घरावरून गेलो. आत रेडिओ चालू होता, दार बंद. तिसऱ्या रविवारी सकाळी मी शटर वर करत होतो, तर त्या रस्ता ओलांडून आल्या. कडक पांढरी साडी, वरून स्वेटर, पाय घट्ट रोवून उभ्या.

"गाडी काढ."

मी काढली. नांदूरघाट मागं पडल्यावर त्यांनी खांद्यावर दोनदा बोट ठेवून वळायला सांगितलं. गाव अर्ध्याहून जास्त कुलपात होतं, कारण हंगाम चालू होता आणि हातपाय चालणारे सगळे कारखान्यावर होते. म्हातारी माणसं, शेरडं आणि शाळेची पोरं तेवढी मागं राहिलेली. सिस्टरांनी कुणाला विचारलं नाही. चाळीस वर्षांत घरांचे पत्रे बदलले होते, पण त्या थेट एका अंगणात जाऊन थांबल्या.

उन्हात खाटेवर एक अगदी वाळलेली म्हातारी बसली होती, डोळे मिटून. जवळच साठीची एक बाई सुपात ज्वारी पाखडत होती. तिनं वर बघितलं.

मला वाटलं होतं सिस्टर आधी विचारतील, मुलगी आहे का, कशी आहे. त्यांनी तसं केलं नाही. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कौसल्या, मी ओव्हाळ सिस्टर. तुझी तिसरी मुलगी माझ्या हातावर झाली. तिचं वजन एक किलो आठशे व्हतं. मी अडीच सांगितलं. खोटं सांगितलं."

सूप थांबलं. शेरडाच्या गळ्यातली घंटा वाजत होती.

"ती पाचटाच्या कोपीतच गेली," कौसल्याबाई म्हणाल्या. "उसाच्या फडाजवळ. आठ दिसांची व्हती."

सिस्टरांनी मान खाली घातली. मी त्यांचा दंड धरला. त्यांनी माझा हात बाजूला केला.

"अडीच किलोचं ठणठणीत लेकरू दिलतं सिस्टरनं, हिनं मारलं," कौसल्याबाई खाटेकडे बघत म्हणाल्या. "असं म्हणायच्या ह्या. सण न्हाई, वार न्हाई. पाव्हण्यांम्होरं, माझ्या पोरांम्होरं. चाळीस वर्सं. मला बी वाटायचं, मीच नीट झाकलं नसंल. रात्री पदर सरकला असंल." त्यांनी सिस्टरांकडे बघितलं. "किती म्हणल्या?"

"एक किलो आठशे."

"तेवढं जगत असतं का, कोपीत?"

"दवाखान्यात कदाचित जगलं असतं. कोपीत, त्या थंडीत, न्हाई. कुणाच्याच हातून जगलं नसतं. तुझं काही चुकलं न्हाई, बाई. चुकलं माझं."

कौसल्याबाईंनी सूप खाली ठेवलं. हात लुगड्याला पुसले. मला वाटलं त्या आता सिस्टरांना बोलतील, शिव्या देतील, आणि सिस्टरही त्यासाठीच ताठ उभ्या होत्या. पण त्या उठून खाटेकडे गेल्या. म्हातारीला कमी ऐकू येत असावं. त्यांनी तिच्या खांद्याला धरलं, कानाजवळ तोंड नेलं, आणि सगळ्या रिकाम्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, "आत्याबाई! एक किलो आठशे व्हतं!"

म्हातारीनं डोळे उघडले.

"ऐकलं का? सिस्टर सोता सांगायला आलीय. एक किलो आठशे! अडीच नव्हतं! एक किलो आठशे व्हतं!"